डब्यात न घातलेला कागद

माझं अक्षर फार चांगलं होतं. ही बढाई नाही. सगळ्या प्रकरणाची सुरुवात तिथूनच होते म्हणून सांगतो. मॅट्रिक होऊन मी हिवतापाच्या ऑफिसात कारकून म्हणून चिकटलो तो अक्षराच्या जोरावर. पन्नासनंतरची ती वर्षं. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत, आणि गडचिरोली त्या जिल्ह्यातच होती. आमचं ऑफिस सडकेवरच्या एका गावात होतं. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या ऑफिसात पुढे चांगली माणसंही नोकरी करून गेली आणि माझ्यामुळे त्यांच्याकडे कुणी बोट दाखवावं असं मला वाटत नाही.

जंगलपट्ट्यात दर पावसाळ्यात घरंच्या घरं थंडीतापानं अंथरुणाला खिळायची. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधीत, म्हणजे शेतात उतरायला माणूस मिळत नसे. म्हणून प्रत्येक घराच्या भिंतींवर आतून डीडीटीचं पाणी फवारायचं, म्हणजे भिंतीवर बसणारा डास मरेल, असं काम सुरू झालं होतं. त्यासाठी टोळ्या होत्या. वर सावली, पोंभुर्ण्याकडे पाच-सहा आणि खाली सिरोंच्याच्या वाटेवर तीन. टोळीत पाच-सहा गडी, दोन पंप, बादल्या, आणि वर एक मुकादम. त्याला सगळे मेट म्हणत.

मेटाजवळ दोन वस्तू असायच्या. पावडर मापायचा टिनाचा डबा, आणि आमच्या ऑफिसातून गेलेला एक कागद. बादलीभर पाण्यात किती डबे पावडर घालायची, आधी थोड्या पाण्यात ती कशी कालवायची, घरातून काय काय बाहेर काढायला सांगायचं, हे सगळं त्या कागदावर असे. तो कागद मी मेणाच्या स्टेन्सिलवर लोखंडी लेखणीनं कोरायचो आणि सायक्लोस्टाइलच्या मशीनवर काढायचो. माझा कागद पाहून साहेब एकदा म्हणाले होते की हे छापखान्यातलं काम वाटतं. त्या एका वाक्यावर मी वर्षभर फुगून होतो.

कागद बदलायची वेळ आली की आमचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, सगळ्यांचा जीव नकोसा करायचे. पेन्शनीला टेकलेला, खोकणारा, चहा बशीत ओतून पिणारा माणूस. त्यांचे नियम ठरलेले होते. कागदावर नंबर आणि तारीख पाहिजेच. आत एक ओळ बदलली तरी नंबर बदलायचा. नवा कागद आधी एकाच टोळीला द्यायचा, तिनं त्यावर आठ दिवस काम करायचं, आणि काही खोट निघाली नाही तरच तो बाकीच्यांना. जुना कागद मेटाच्या सहीनं परत आला पाहिजे, कारण एका टोळीत दोन कागद राहिले की कोणत्या कागदाचं काम चाललंय ते देवालाही कळायचं नाही. आणि मापाचा डबा बदलला असेल तर नवा कागद घडी घालून त्या डब्याच्या आत टाकायचा, झाकण लावायचं, वरून सुतळी बांधायची आणि मगच पाठवायचं.

हा शेवटचा नियम मला निव्वळ खुळचटपणा वाटायचा. मी एकदा विचारलंही.

"काऊन बडेबाबू, कागद पाकिटात घालून डाकेनं धाडला त काय बिघडते?"

"बिघडत नाई," ते म्हणाले. "पण जंगलात दोन वस्तू दोन वाटेनं गेल्या का येकमेकीले भेटत नाईत. डब्यात घाल. डबा पोचला का कागद पोचला. डबा नाई पोचला त कागदई नाई पोचला, मंग जुनंच चालू राह्यते. जुन्यानं कोणाचं वाईट होत नाई."

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, म्हातारा सठियावला.

त्या उन्हाळ्यात डबे बदलले. जुना डबा लहान होता, बादलीला पाच घालावे लागत. नवा मोठा, त्याचे तीन पुरायचे. डबे दोन खेपांत येणार होते. पहिली खेप आली, वरच्या टोळ्यांना पुरली. नवा कागद मी कोरला: बादलीला तीन डबे. कोणता डबा ते त्यात लिहिलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती, कागद डब्यातच जाणार होता. आधी सावलीच्या टोळीला दिला, आठ दिवस पाहिलं, सगळं ठीक निघालं. मग बाकीच्या वरच्या टोळ्यांना डब्यात घालून, सुतळी बांधून पाठवला. इथपर्यंत सगळं बडेबाबूंच्या नजरेखाली झालं.

मग ते मुलीच्या लग्नाला म्हणून रजेवर गेले आणि तिकडेच काविळीनं आजारी पडले. ऑफिस माझ्यावर आलं. मी बावीस वर्षांचा. खुर्ची त्यांचीच होती, पण ते रजेवर गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तीत बसलो. कुणी बस म्हटलं नव्हतं.

मे महिना संपत आला. खालच्या तीन टोळ्यांचे डबे अजून आले नव्हते. साहेबांना वर अहवाल पाठवायचा होता. त्यांनी जाता जाता विचारलं, "नवं पत्रक सगळीकडे गेलं ना?"

"दोन दिवसांत जाते साहेब," मी म्हणालो.

जाणार नव्हतं. डबेच नव्हते. पण अहवालात 'सर्वत्र लागू' असं माझ्या अक्षरात लिहिलेलं मला आधीच दिसू लागलं होतं. शिवाय नाले भरले की खालची वाट बंद होणार, मग दोन-तीन महिने ट्रक जाणार नाही, डाकही रखडत जाणार. मी हिशेब केला की कागद आज डाकेनं जाऊ दे, डबे आठवड्यात येतील ते शेवटच्या ट्रकनं मागोमाग जातील. तीन पाकिटं केली, वर पत्ते घातले आणि डाकेत टाकली. सोबत ओळ लिहिली: जुना कागद रद्द समजावा आणि परत पाठवावा. 'सर्वत्र लागू' लिहिलं. फार सुरेख लिहिलं.

डबे आले ते जून उजाडल्यावर, आणि त्याच दिवशी खालचा नाला भरल्याची बातमी आली. ट्रक गेलाच नाही. कोठीवाल्यानं डब्यांची पेटी मालाच्या कोठीत मागे ढकलली, तिच्यापुढे पावडरची पोती रचली, आणि मी तिच्याबद्दल विसरलो. विसरलो हा शब्द खरा आहे. पण ती विसरायची गोष्ट नव्हती, हेही तितकंच खरं आहे.

जूनच्या मध्यात एक पत्र आलं. खालच्या तीन टोळ्यांपैकी एका मेटाचं. तो गोंड होता, चाळिशीचा, उंच, सावकाश बोलणारा. ऑफिसात आला की चप्पल बाहेर काढायचा आणि कितीही सांगितलं तरी बाकावर बसायचा नाही. अक्षराला अक्षर जोडून वाचायचा, लिहायला मात्र गावातल्या मास्तरांकडे जायचा. त्याच्या भागात फवारणी सुरू झाली ती त्याच्या शब्दावर. तिकडच्या घरांत देवाची जागा आत असते, तिथं परका माणूस पाय ठेवत नाही. हा पाय धुवून, एकटा पंप घेऊन आत जायचा, आणि बाहेर येऊन घरधन्याला सांगायचा की काही विटाळलं नाही. त्याच्यामुळे लोकांनी दारं उघडली होती.

पत्रात मास्तरांनी त्याचंच बोलणं उतरवलं होतं. 'या खेपेला पावडरीचं पाणी पातळ दिसून राह्यलं. भिंतीवर पांढरं उमटत नाई. कागदात तीन डबे लिहून आहे. चुकलं त नाई ना? बाबूनं कळवावं.'

तीन मेटांपैकी विचारणारा हा एकटा. बाकी दोघांनी काय केलं ते मला पुढे कळलं. एकानं कागद उघडूनही पाहिला नाही, सवयीनं पाचच घालत राहिला. दुसऱ्यानं अंदाजानं ओतलं. त्या दोघांच्या गावांना काही झालं नाही. माझा कागद मनापासून मानणारा एकच माणूस निघाला, आणि वाट लागली ती त्याची.

त्याला उत्तर लिहायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. कोठीत जाऊन बघावं, सावलीच्या मेटाला विचारावं, निदान 'पातळ' या शब्दावर क्षणभर थांबावं, यातलं काहीही केलं नाही. मला राग आला होता. माझ्या कागदात चूक काढणारा हा कोण? बडेबाबूंची लाल शाई घेतली आणि पोस्टकार्डावर लिहिलं: 'पत्रकात लिहिल्याप्रमाणे करावे. स्वतःचे डोके चालवू नये.' ते दुसरं वाक्य लिहायची काही एक गरज नव्हती. आज इतक्या वर्षांनी मला सगळ्यात जास्त लाज त्या वाक्याची वाटते. पुढे लबाडी केली ती भीतीपोटी, तिला निदान काही कारण होतं. ते वाक्य नुसत्या मस्तीतून आलं.

त्यानं डोकं चालवलं नाही. महिनाभर घरोघरी जाऊन, पाय धुवून, पातळ पाणी फवारत राहिला.

नागपंचमीच्या सुमारास दुसऱ्या फवारणीची तयारी म्हणून कोठी उघडली. पोती हलवली आणि मागे पेटी दिसली. झाकण उचकटून पाहिलं तर नवे कोरे डबे. मी तिथंच पोत्यावर बसलो. जुन्या लहान डब्यानं तीन. पाचाच्या जागी तीन. पातळ.

त्या वेळी काय करायला हवं होतं ते मला स्वच्छ माहीत होतं. बडेबाबूंनी ते शिकवलं होतं: खोट निघाली की रद्दचं पत्र काढायचं, त्यात कोणता नंबर, काय चुकलं, कोणत्या तारखेपासून, सगळं लिहायचं, आणि नवा कागद नव्या नंबरानं द्यायचा. तसं केलं असतं तर साहेबांनी मला फाडून खाल्लं असतं. कदाचित घरी बसवलं असतं. पण खालच्या गावांत पुन्हा फवारणीसाठी माणसं धावली असती, आणि गोष्ट माझ्यापाशीच थांबली असती.

मी नवी स्टेन्सिल कोरली. आता त्यात लिहिलं: नव्या डब्याने तीन, जुन्या डब्याने पाच. बाकी सगळं तसंच. आणि वर नंबर तोच घातला, तारीखही तीच घातली. कागद डब्यांत घातले, झाकणं लावली, सुतळी बांधली. या खेपेला नियम अगदी काटेकोर पाळला. नाला थोडा उतरला होता, बैलगाडीनं डबे रवाना केले आणि सोबत सांगून धाडलं की आधीचा कागद खराब छापला गेला होता, तो याच गाडीनं परत द्यावा. तिन्ही कागद परत आले. पत्र पाठवणाऱ्या मेटाच्या कागदामागे त्याची सही होती, मोठ्या अक्षरांची, शेवटचं अक्षर कागदाबाहेर जाता जाता राहिलेली. मी तिन्ही घरी नेले आणि सकाळी आंघोळीच्या बंबात घातले. पाणी लवकर तापलं.

दुसरी फवारणी नीट झाली. पण ताप त्याआधीच आला होता. रोवणीच्या ऐन दिवसांत त्याच्या भागातली चार-पाच गावं आडवी झाली. त्याच्या स्वतःच्या गावात दोन माणसं गेली, त्यातली एक त्याच्या धाकट्या भावाची बायको. मी मनाची समजूत घालत असे की नीट फवारलेल्या सालीही माणसं तापानं जातातच, हीसुद्धा गेलीच असती. हे खरं असेलही. आपल्या सोयीचं खरं माणसाला फार लवकर पटतं.

दसऱ्याच्या आधी आमचे इन्स्पेक्टर तिकडे फिरतीवर गेले. त्यांना मेटाच्या घरी पावडरची पाच पोती आढळली. आढळली म्हणजे त्यानं लपवली नव्हती, त्यानंच ओसरीवर रचून ठेवली होती आणि इन्स्पेक्टरला सांगितलं होतं, "साहेब, पह्यल्या खेपेची उरली हायेत, घेऊन जा." ज्या मेटानं बेहिशेबी ओतली त्याच्याकडे काही उरलं नव्हतं, त्याला कुणी काही विचारलं नाही. याच्याकडे पोती उरली आणि गावात ताप. इन्स्पेक्टरनं दोन्ही जोडून अहवाल लिहिला की मेटानं पहिली फवारणी केलीच नाही, किंवा पाण्यात पावडर न घालता नुसती पिचकारी मारली. उरलेला माल पुढे विकायचा इरादा दिसतो, असंही वर.

चौकशी आमच्या ऑफिसात झाली. दिवाळी झाली होती, बडेबाबू पिवळेजर्द होऊन का होईना, कामावर परतले होते. साहेब खुर्चीत, बाजूला इन्स्पेक्टर, बडेबाबू फाइल घेऊन, आणि मी लिहून घ्यायला. मेट चप्पल बाहेर काढून आला आणि उभा राहिला. दोन दिवस चालत आला होता.

"पावडर किती घातली?" साहेबांनी विचारलं.

"बादलीले तीन डबे, साहेब. जुन्या डब्यानं. कागदात तसंच होतं."

"कागद दाखव."

त्यानं पिशवीतून कागद काढला. दुसरा, मी दुरुस्त केलेला. त्याच्याजवळ तोच होता. साहेबांनी मोठ्यानं वाचलं: नव्या डब्याने तीन, जुन्या डब्याने पाच.

"ह्याच्या आधीचा कागद दुसरा होता," तो म्हणाला. "तो परत मागतला. मी गाडीवाल्याजवळ देल्ला."

"नंबर तोच, तारीख तीच, आणि कागद दुसरा?" साहेब म्हणाले.

त्यानं पुन्हा पिशवीत हात घालून एक पोस्टकार्ड काढलं. चार महिने त्यानं ते जपून ठेवलं होतं. "मी इचारलं होतं साहेब. हे पाहा. पाणी पातळ हाये म्हून इचारलं होतं."

साहेबांनी तेही वाचलं. माझी लाल शाई, माझं सुरेख अक्षर. वाचून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर लिहिलं आहे." मग त्याच्याकडे वळले. "तुला स्पष्ट कळवलं होतं, पत्रकाप्रमाणे कर म्हणून. तरी तू आपल्याच मनाचं केलंस."

मी मान खाली घालून लिहीत होतो. काय लिहीत होतो ते आठवत नाही.

बडेबाबूंनी तो कागद हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. मग माझ्याकडे पाहून अगदी हळू विचारलं, "हाच कागद गेलता ना तिकडं? मे महिन्यात?"

खोलीत सगळे थांबले होते. मेटही माझ्याकडे पाहत होता. रागानं नाही. एखादा माणूस आपली गाडी येताना पाहतो ना, तसा पाहत होता.

"होय," मी म्हणालो.

एवढंच. एक शब्द. त्याला तिथल्या तिथं कामावरून काढलं. त्यानं हात जोडले, बाहेर जाऊन चपला घातल्या, आणि परत दोन दिवस चालायला निघाला. बडेबाबूंनी मला त्याविषयी कधी काही विचारलं नाही. फक्त त्या दिवसापासून मशीनच्या खोलीची किल्ली त्यांनी स्वतःच्या जानव्याला बांधली, आणि आजवर आम्ही दोघं एकत्र घ्यायचो तो चहा मी टेबलावर एकटा पिऊ लागलो.

पुढच्या उन्हाळ्यात त्या मेटाच्या गावानं फवारणीवाल्यांना दारात उभं केलं नाही. नवा मेट परका होता. लोक म्हणाले, आमच्याच माणसानं पावडर विकून नुसतं पाणी मारलं आणि आमची माणसं मेली, तुमच्यावर कसा भरवसा ठेवायचा? साहेब मला म्हणाले, तुझं बोलणं चांगलं आहे, तू जा, समजूत घाल. नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

बैलगाडीतून उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. दारं खरोखरच बंद होती. टोळीचे गडी पंप घेऊन झाडाखाली बसून होते. मी कुणाशी बोलावं या विचारात असताना तो जुना मेट समोरून आला. खांद्यावर कुऱ्हाड, जंगलातून आला असावा. मला वाटलं तोंड फिरवून निघून जाईल. त्यानं कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि राम राम केला.

"बाबू, तुमी सोता आलात?"

मी काहीतरी पुटपुटलो. तो नव्या मेटाकडे गेला, डबा हातात घेऊन फिरवून पाहिला, कागद वाचला, अक्षराला अक्षर जोडत. मग माझ्यापाशी परत आला.

"ह्या डब्यानं तीन बरोबर हाये," तो म्हणाला. "मागच्या साली बैलगाडीनं हा डबा आला, तवाच मले समजलं होतं."

मी विचारलं, "काय समजलं?"

"का डबा मागं राह्यला अन् कागद पुढं आला. दुसरं काय?" आवाजात कडूपणा नव्हता. रस्ता चुकलेल्याला वाट सांगावी तसं बोलत होता.

"मग चौकशीत का नाही सांगितलंत?" मी विचारलं. त्याला मी त्याआधी कधी अहोजाहो केलं नव्हतं.

"सांगतलं ना. दुसरा कागद होता म्हणून सांगतलं. माझं कोन आयकते? म्या तुमच्याकडं पाह्यलं. तुमी बोलान म्हून वाट पाहून राह्यलो."

मला तिथं रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. मी फक्त म्हणालो की चूक माझी होती. कागद मीच डब्याशिवाय पाठवला. मीच बदलला. सगळं सांगितलं, बंबासकट. तो ऐकत उभा राहिला. शेवटी म्हणाला, "माझी नोकरी गेली, जाऊ द्या. पन गावाले वाटते मी पावडर विकली. माझा भाऊ माझ्या घरचं पानी पेत नाई. तुमी गावाले येवढंच सांगा का कागद चुकला होता. मी चोर नाई, येवढं सांगा."

"सांगतो," मी म्हणालो. आणि त्या क्षणी मला खरंच सांगायचं होतं. "आधी काम होऊ द्या. काम झालं की सगळ्यांना बोलवा."

तो घरोघर गेला. प्रत्येक दारासमोर गोंडीत बोलत राहिला, कुठे शिव्या खाल्ल्या, कुठे हात जोडले. एकेक दार उघडलं. त्याचा नोकरीशी संबंध उरला नव्हता, तरी देवाच्या जागेत तो पाय धुवून स्वतः पंप घेऊन गेला. दुपारी तीनपर्यंत गाव संपलं. भिंतींवर पांढरं नीट उमटलं होतं.

मग त्यानं सगळ्यांना मोहाच्या झाडाखाली जमवलं. म्हातारी माणसं पुढे, बाया मागे पोरं घेऊन. त्याचा भाऊही आला, थोडा लांब, हाताची घडी घालून उभा. मेट माझ्या शेजारी उभा राहिला, मी मराठीत बोलणार आणि तो गोंडीत सांगणार म्हणून. त्याच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी पहिल्यांदाच थोडंसं हसू पाहिलं.

मी लोकांकडे पाहिलं. गाडीपाशी नवा मेट आणि टोळीचे गडी उभे होते. हे बोललो तर ते संध्याकाळपर्यंत सडकेला पोचेल आणि उद्या ऑफिसात. मागच्याच आठवड्यात माझी कायम नेमणूक झाली होती. घरी लग्नाचं बोलणं चाललं होतं. हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं, आणि मी तोंड उघडलं.

"भिंती दोन महिने सारवू नका," मी म्हणालो. "सणासाठी म्हणूनही नका. सारवल्या तर पावडर झाकली जाते."

हे वाक्य आम्ही प्रत्येक गावात म्हणायचो. ते मला पाठ होतं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. लोक वाट बघत होते. मग तो त्यांच्याकडे वळला आणि माझं वाक्य गोंडीत सांगितलं. मला ती भाषा येत नव्हती, पण मी बोललो तेवढंच त्यानं सांगितलं असावं, कारण तो लगेच थांबला. बायांनी मान हलवली. आणखी काही आहे का म्हणून तो पुन्हा माझ्याकडे वळला.

मी नाही म्हणून मान हलवली आणि गाडीकडे निघालो.